माटी जपत नही

सारंगखेड्याचा नथ्थू मिस्तरी धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, झोपायचा. यात सांगण्यासारखं काय, उन्हाळ्यात अख्खा खानदेश धाब्यावरच झोपतो, असं कुणीही म्हणेल. पण लोक झोपायचे ते वाऱ्यासाठी. नथ्थूची झोप हा त्याच्या कामाचाच शेवटचा भाग होता.

नव्या घराच्या तुळयांवर काटक्या आणि पाला अंथरायचा, त्यावर चिखलाचा थर द्यायचा, मग वीतभर खारी माती पसरायची आणि पाणी शिंपडत, जड लाकडी धुम्मसाने ठोकून ठोकून ती अशी बसवायची की वर नारळ आपटला तरी खूण उठू नये. एवढं झालं की नथ्थू पागोटं सोडून उशाला घ्यायचा आणि भर दुपारी धाब्याच्या मधोमध आडवा व्हायचा. खाली घरधनी, सुतार, बायाबापड्या सगळे चिडीचूप. थोड्या वेळाने वरून घोरणं ऐकू आलं की घरधनीण गूळ वाटायला घ्यायची. काम पास झालं असा त्याचा अर्थ.

कुठे माती कच्ची राहिली असली तर नथ्थूला झोप यायची नाही. "पाठले कयस," तो म्हणायचा. पाठीला कळतं. एकदा असाच उठून बसला आणि एका कोपऱ्याकडे बोट केलं. उकरून पाहिलं तर आतला थर ओलाच राहिलेला, वरून नुसता सुकलेला. तेव्हापासून नथ्थूच्या झोपेवर लोकांचा देवावर नसेल इतका विश्वास बसला.

खानदेशच्या अहिराणीत झोपण्याला जपणं म्हणतात. "मिस्तरी जपना का?" एवढंच गाव विचारायचं, आणि "जपना" असं उत्तर आलं की पुढच्या पावसाळ्याची काळजी मिटायची. नथ्थूची बायको दगूबाई तेवढी या झोपेचं कौतुक करायची नाही. "बठ्ठा गावना धाबावर जपतस," ती म्हणायची, "आन घरनं धाबं गयस, तठे ध्यान नही." आणि ते खरंच होतं. त्याच्या स्वतःच्या घराचं धाबं चुलीजवळच दर वर्षी गळायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. अक्कलकुव्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला उंबरपाडा म्हणून वीस-पंचवीस झोपड्यांची वस्ती होती. तिच्या डोक्यावर एका नाल्यावर मातीची पाळ घालून तलाव करायचा सरकारी हुकूम निघाला. कामावर हिंमतराव नावाचे ओव्हरसियर आले. नाशिककडचे, पुस्तकातून मातीकाम शिकलेले, डोक्यावर हॅट, स्वभावाने सरळ. माती ठोकून घ्यायला या मुलखात चांगला माणूस कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दहा जणांनी एकच नाव सांगितलं.

नथ्थू तापी ओलांडून, तळोद्यावरून चालत गेला. इतकी मोकळी जमीन, इतकी मोठी माती त्याने कधी हाताळली नव्हती. पाळ पाहिली आणि त्याला वाटलं, एखादं धाबं घराला कंटाळून डोंगरात येऊन उभं राहिलंय. मग त्याला हसू आलं. पण तो विचार काही त्याच्या डोक्यातून गेला नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

काम मात्र बघत राहावं असं होतं. आसपासच्या पाड्यांवरची माणसं पाट्यांनी माती आणून टाकायची. वीतभर थर झाला की चाळीस बायका हातात धुम्मस घेऊन समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहायच्या. त्यांच्यात पुढे रूपलीबाई. पस्तिशीची, उंच, उंबरपाड्याचीच लेक. नवरा गेल्यावर बापाकडे परत आलेली. ती घशातून एक आवाज काढायची, ना गाणं ना हाक, आणि चाळीस धुम्मस एकदम उचलले जायचे. पडायचे तेव्हा जमिनीखालून एक जाड सूर यायचा. सकाळभर तो सूर ऐकला की नथ्थूचे डोळे जड व्हायचे. पाळ, बायका, मागचे निळे डोंगर सगळंच एका लयीत वर-खाली होतंय असं त्याला वाटायचं, आणि आपण कुठे उभे आहोत हे क्षणभर आठवायचं नाही.

पाळ कमरेइतकी झाली तेव्हा नथ्थू हिंमतरावांकडे गेला. "साहेब," तो आपल्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाला, "पाळीच्या पोटात खारीची भिंत घालू. दोन हात रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खारी एक थेंब सोडत नाही. आमची घरं त्याच्यावर उभी आहेत."

हिंमतरावांच्या पुस्तकात पाळीच्या पोटात चिकण मातीची भिंत घालायला सांगितलेलं होतंच. त्यांनी खारी हातात घेतली, ओली केली, चोळली. साबणासारखी गुळगुळीत लागली. खानदेशातलं एकही धाबं तिच्यावाचून होत नाही, हेही त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, घाला.

मग तापीकाठच्या ओसाड टेकाडांवरून गाड्या भरून खारी आली. पांढुरकी, जिभेला खारट. ती पाळीच्या काळ्या-पिवळ्या अंगात मधोमध भरली जाऊ लागली, तेव्हा नथ्थू नव्या नवरदेवासारखा इकडून तिकडे हिंडत होता. चुकीचं काही करतोय अशी शंकासुद्धा त्याला नव्हती. ज्या मातीने जन्मभर नाव दिलं, तिच्याबद्दल शंका येणार तरी कशी?

शंका रूपलीबाईला आली. कामावर पाणी शिंपडायला दोन खड्डे होते. एक काळ्या मातीच्या ढिगाजवळ, एक खारीच्या. संध्याकाळी घरी जाताना बायका त्यांत हातपाय धुवायच्या. एक दिवस सकाळी तिने नथ्थूला हाक मारली आणि दोन्ही खड्ड्यांतून भरलेले दोन लोटे त्याच्यासमोर ठेवले. एकातलं पाणी नितळ होतं, गाळ तळाला बसलेला. दुसऱ्यातलं ताकासारखं पांढरं.

रूपलीबाईची घरची बोली डोंगरातली, पण बाजाराच्या दिवशी सपाटीवरच्या माणसांत वावरून ती अहिराणी बोलायला शिकली होती. ती म्हणाली, "मिस्तरी, काळी माटी दुपारलोंग जपी जास. हाई तीन दिन व्हयनात, जागीच शे. हाई माटी जपत नही."

नथ्थू पोट धरून हसला. "जागी शे तेच बरं, बाई! धाबावर ती रातदिन जागस, म्हनीसन तर घर कोरडं ऱ्हास. चौकीदार शे ती. चौकीदार जपना तर घर कोन देखी?"

बायकाही हसल्या. रूपलीबाई हसली नाही. तिने दोन्ही लोटे उचलले, पाणी ओतून टाकलं आणि धुम्मस घेतला.

ज्येष्ठ सरता सरता पाळ पुरी झाली. दोन पुरुष उंच, वरून बैलगाडी जाईल एवढी रुंद. त्या दिवशी आभाळ नुसतं भरून आलेलं, वारा पडलेला. हिंमतराव म्हणाले, "मिस्तरी, झोपा आता. तुमची पद्धत मी ऐकून आहे." आणि त्यांनी खरोखरच हॅट काढून हातात घेतली. दोनशे माणसं पाळीखाली बसली. रूपलीबाईचा म्हातारा बाप जान्या, ज्याची झोपडी पाळीच्या अगदी पायाशी होती, तोही काठी टेकत आला.

नथ्थू पाळीच्या मधोमध जाऊन आडवा झाला. पागोटं उशाला, हात छातीवर, डोळे मिटलेले.

झोप आली नाही.

त्याने कूस बदलली. पाठीखाली माती घट्ट होती, कुठे पोकळ नव्हती, कुठे ओली नव्हती. तरी खाली फार आत कुणीतरी डोळे उघडे ठेवून पडलंय असं त्याला वाटत राहिलं. मिटल्या डोळ्यांसमोर पांढरं पाणी येत होतं. ते जात नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. खाली दोनशे माणसं श्वास धरून बसली होती, साहेब उघड्या डोक्याने उभे होते, आणि नथ्थूला वाटलं, आता उठून काय सांगू? धाब्याचा कोपरा उकरता येतो, पाळीचं पोट कुठे उकरू?

मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. खोटं घोरला.

खालून एकच आनंदाचा कल्ला उठला. कुणीतरी ढोल वाजवला. गूळ वाटला गेला. नथ्थूच्या हातावर गूळ ठेवला गेला तेव्हा तो त्याने पागोट्याच्या टोकात बांधून ठेवला. गर्दीत रूपलीबाई त्याच्याकडे बघत होती. तिला कळलं होतं की नाही, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

आणि चार दिवसांनी झड लागली.

झड म्हणजे पावसाने कोसळणं नव्हे. आभाळ खाली येऊन डोंगराला टेकतं आणि उठायचं विसरून जातं. दिवस उगवतो की नाही ते कळत नाही, सगळा वेळ एकाच रंगाचा. सातपुडा पार पुसून गेला. उंबरपाड्याच्या झोपड्या, बकऱ्या, माणसं सगळं धुरात तरंगत असल्यासारखं. तलावात पाणी आलं, घोट्याइतकं, गुडघ्याइतकं, मग छातीइतकं. पाड्यावरची माणसं पावसासाठी डोक्यावर खोळ घेऊन काठाशी यायची आणि नुसती बघत बसायची. इतकं पाणी एका जागी थांबलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हिंमतराव तंबूच्या दारात उभे राहून स्वतःशीच हसायचे.

नथ्थूला घरी जायला हरकत नव्हती. काम संपलं होतं. पण तो गेला नाही. रोज सकाळी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, मग खाली उतरून पायथ्यापायथ्याने परत यायचा. धुक्यात त्याला वाटायचं, आपण पाळीवरून चालत नसून सारंगखेड्याच्या धाब्यांवरून चालतोय, एका घरावरून दुसऱ्या घरावर. खाली दगूबाई चुलीजवळ भांडं ठेवतेय, त्यात थेंब पडतोय. टप. टप. मग भानावर यायचा आणि तो आवाज पावसाचा असायचा.

हिंमतरावांनी त्याला सांगून ठेवलं होतं, मातीची पाळ थोडी पाझरायचीच, पाझर स्वच्छ असला की भ्यायचं कारण नाही. चौथ्या दिवशी जान्याच्या झोपडीमागे, मोहाच्या झाडाशी, पाळीच्या पायातून करंगळीएवढी धार येताना त्याला दिसली. त्याने लोटा धरला. लोटा भरायला वेळ लागला नाही. पाणी ताकासारखं पांढरं होतं.

तो जान्याच्या ओट्यावर जाऊन बसला आणि लोटा पुढ्यात ठेवला. जान्या बांबूच्या कामट्यांची पाटी विणत होता. पाटीचा काठ वळवता वळवता म्हातारा म्हणाला, "मिस्तरी, पान्यामा काय देखस?"

"जप देखस, बा," नथ्थू म्हणाला. झोप बघतोय.

दुपार उलटली. लोटा तसाच पांढरा. झोपडीच्या पाल्यावरून पागोळ्या गळत होत्या, आणि त्यांच्याकडे बघता बघता नथ्थूला सारंगखेड्याच्या पन्हळी दिसू लागल्या. दर वर्षी सुरुवातीच्या पावसात गावातल्या प्रत्येक धाब्याच्या पन्हळीतून पांढरं पाणी पडतं. गल्ल्या पांढऱ्या होतात. लहानपणापासून बघितलेलं. ते पांढरं म्हणजे काय, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि दर वैशाखात प्रत्येक घरधनी त्याला बोलावतो, मिस्तरी, धाब्यावर नवी खारी टाकायचीय. तीस वर्षं तो एकाच गावाच्या धाब्यांवर माती चढवत होता, आणि धाबी काही बोटभरसुद्धा जाड झाली नव्हती.

मग जुनी माती जायची कुठे?

खारी पाणी अडवते हे खरं, पण अडवता अडवता ती स्वतः पाण्याबरोबर निघून जाते, कणाकणाने, न थांबता. धाब्यावर चालतं. वरून नवी टाकता येते. पाळीच्या पोटात नवी कोण टाकणार? तिथून ती गेली की गेली, आणि मागे राहणार ती वाट. पाण्याला वाट मिळाली की पुढे काय होतं ते सांगायला मिस्तरी लागत नाही. आणि ती वाट याच ओट्यावर येऊन उघडणार होती, जिथे हा म्हातारा कामट्या विणत बसला होता.

तो उठला आणि लोटा घेऊन धावतच निघाला. वाटेत रूपलीबाई दिसली. त्याने लोटा तिच्यापुढे धरला. तिने आत पाहिलं, लोटा त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्यामागून चालू लागली.

हिंमतराव तंबूत काहीतरी लिहीत होते. नथ्थूची ठेवणीतली मराठी त्या दिवशी त्याला सापडलीच नाही. "साहेब, मी जपनू नही," तो दारातूनच म्हणाला. "मी नुसता डोया मिटीसन पडेल व्हतू. खोटं घोरनू."

हिंमतरावांना आधी काही उमगेना. मग नथ्थूने हातवारे करून सगळं सांगितलं, खारी, पन्हळी, मोहाच्या झाडाशी लागलेली धार. "पाळ फोडनी पडी," तो शेवटी म्हणाला.

"फोडायची?" हिंमतराव ताडकन उठले. "मिस्तरी, परवा मोठे साहेब भरलेला तलाव बघायला येताहेत! खारी घाला म्हणालात तुम्ही, झोपलात तुम्ही, आणि आता पाळ फोडा म्हणताय? करंगळीएवढी तर धार आहे."

सगळं खरंच होतं. मागून रूपलीबाई पुढे आली आणि लोटा तिने साहेबांच्या कागदांवरच ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "माटी जपत नही."

हिंमतराव संतापलेले होते. अहिराणीचा गंध नव्हता. त्यांनी नाशिकचा अर्थ घेतला. "माती कशी जपेल, बाई? माती काय जपणार कुणाला?" ते ओरडले. "जपायचं ते माणसांनी..."

आणि बोलता बोलता थांबले.

त्यांचा घोटाळा झालाय हे नथ्थूला कळलं होतं. त्याने तो दुरुस्त केला नाही. तंबूच्या दारातून खाली उंबरपाडा दिसत होता. झोपड्यांच्या पाल्यातून धूर निघत होता आणि पावसात वर न जाता तिथेच रेंगाळत होता. हिंमतरावांनी तिकडे पाहिलं. मग त्यांनी लोटा उचलून बाजूला ठेवला. खालचे कागद भिजले होते.

"सगळ्यांना टेकडीवर न्या," ते म्हणाले.

पूर्वेच्या टोकाला पाळ खडकाला भिडत होती आणि पलीकडून एक घळ वस्तीला वळसा घालून नदीकडे जात होती. तिथेच तोंड पाडायचं ठरलं, म्हणजे पाणी बेताबेताने उतरेल. कुदळ नथ्थूनेच घेतली. दुसऱ्याला त्याने हात लावू दिला नाही. पहिला घाव घातला तेव्हा माती इतकी घट्ट होती की कुदळ उडून परत आली. चाळीस बायकांनी महिनोन्महिने ठोकलेली माती ती. त्याला रडू कोसळलं. तो रडत रडत खणत राहिला, आणि पावसात कोण रडतंय याकडे बघायला कुणाला वेळही नव्हता.

पाणी दोन दिवस उतरत होतं. पाड्यावरची माणसं टेकडीवर सागाच्या पानांखाली बकऱ्या कवेत घेऊन बसली होती आणि आपला तलाव जाताना बघत होती. कुणी नथ्थूला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. पाणी ओसरल्यावर मोहाच्या झाडाच्या अगदी समोर पाळ उकरली, तेव्हा खारीच्या भिंतीत एक भोक सापडलं. नथ्थूने हात घातला. खांद्यापर्यंत गेला, तरी बोटांना काही लागलं नाही. पलीकडून हिंमतराव वाकून बघत होते. त्यांचा चेहरा खारीसारखा झाला. मोठ्या साहेबांना काय सांगायचं ते मी सांगतो, एवढंच ते बोलले.

आता खरं काम सुरू झालं, आणि तेही भर पावसाळ्यात, जेव्हा शहाणा माणूस मातीला हात लावत नाही. ओली माती धुम्मसाला दाद देत नाही. इथे मारा, तिथे वर येते, नुसती डुलते. म्हणून थांबायचं. नथ्थू शेतकऱ्याच्या घरात वाढलेला, त्याला वाफसा ठाऊक होता. पाऊस उघडल्यावर जमीन ना ओली ना कोरडी अशी होते, मुठीत दाबली तर लाडू वळतो आणि बोटाने टिचकी मारली तर फुटतो, ती वेळ. कधी सकाळची एक घटका, कधी आठवड्यातून एक दुपार. ती आली की रूपलीबाईचा आवाज घुमायचा आणि डोंगरातून बायका धावत यायच्या. गेली की थरावर पळसाची पानं झाकून पुन्हा वाट बघायची. खारीची एकेक पाटी बाहेर निघाली. नव्या मातीची एकही पाटी रूपलीबाईने आधी लोट्यात घालून पाहिल्याशिवाय आत जाऊ दिली नाही. पाळीवर लोट्यांची, मडक्यांची, तुंब्यांची रांग लागलेली असायची. ती सगळ्यांवरून चालत जायची आणि बोट दाखवायची. हाई जपनी. हाई जपनी. हाई फेकी द्या.

पाळ कार्तिकात पुरी झाली. तोवर नाला आटला होता. उंबरपाड्याचं ते वर्ष कोरडंच गेलं, आणि उन्हाळ्यात बायकांना दोन कोसांवरच्या झऱ्यावरून पाणी आणावं लागलं, दर वर्षीसारखंच.

नथ्थू घरी परतला तो त्याच्या आधी गोष्ट पोचलेली. स्वतः बांधलेली पाळ स्वतः फोडणारा मिस्तरी म्हणून बाजारात लोक त्याला बोटाने दाखवायचे. वैशाखात धाब्यांची कामं आली, पण थोडी, आणि झोपायला कुणी सांगितलं नाही. तोही झोपला नाही. रात्रीसुद्धा त्याचा डोळा धड लागायचा नाही. तो खोटं घोरला होता, आणि झोप जणू ते विसरायला तयार नव्हती. दगूबाईने गळक्या धाब्यावरून टोमणा मारणं सोडून दिलं. त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं.

पुढच्या वर्षी पुन्हा झड लागली, आठ दिवस. नवव्या दिवशी उघडीप झाली तेव्हा नथ्थू कुणाला न सांगता उठला आणि चालू लागला. तापी, तळोदं, मग चिखलाची वाट. उंबरपाड्यात पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. तलाव काठोकाठ भरला होता आणि त्यात अख्खा सातपुडा उलटा पडला होता.

तो वर गेला नाही. आधी जान्याच्या झोपडीमागे गेला. मोहाच्या झाडाशी पाळीच्या पायातून धार येत होती, करंगळीएवढीच. ओट्यावरून रूपलीबाई उठून आली. तिच्या हातात लोटा होता, सकाळीच भरून ठेवलेला. तिने तो त्याच्या हातात दिला.

लोट्याच्या तळाला एक पोचा होता. तो दिसत होता. पोच्यात वाळूचे चार कण होते, तेही दिसत होते. नथ्थूने लोटा तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग तो पाळीवर चढला. वारा होता, पाणी काठाला हळू हळू लागत होतं. थकला होता म्हणून तो खाली बसला, पागोटं सोडून बाजूला ठेवलं, आणि जरा पाठ टेकावी म्हणून आडवा झाला.

हिंमतराव घोड्यावरून तलाव बघायला आले ते लांबूनच हाका मारत. "अरे कोण आहे तिथे? पाळीवर कोण पडलंय?"

रूपलीबाई वाटेवर येऊन उभी राहिली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हाळू बोला, साहेब," ती म्हणाली. "मिस्तरी जपेल शे."

हिंमतराव घोड्यावरून उतरले. घोडा त्यांनी खालीच बांधला. मग पायातले बूट काढून हातात घेतले, आणि पाळीच्या कडेकडेने, अनवाणी, नथ्थूला वळसा घालून पुढे गेले.